जांभळीखालचा कोबा

आमच्या कर्वेनगरच्या सुखदा सोसायटीत कुठेही सिमेंटला तडा गेला की फोन सोनबांना जायचा. सोनबा फोन उचलत नसत, थेट यायचे. सायकल जांभळीला टेकवायची, चपला जिन्याखाली काढायच्या आणि अनवाणी गच्चीवर चढायचं. यात भक्तीचा काही संबंध नव्हता. तळपायाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. एक एक पाऊल टाकत ते सगळी गच्ची चालायचे, मध्येच टाच दाबून बघायचे आणि खडूनं फुली मारायचे. आम्हाला तिथे काहीही दिसत नसे. ज्यांनी फुलीकडे दुर्लक्ष केलं, त्यांच्या बेडरूममध्ये जुलैत बादली ठेवावी लागली.

तड्यांची त्यांना माणसांसारखी ओळख होती. "हा केसावानी बारीक हाय, उन्हाचा. ह्याला घाबरायचं न्हाई. हा सरळ, सळईच्या रेघेत गेलेला, आत गंज धरलाय. आन् हा खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरका निघालाय, तो जमिनीचा." आमच्या बाजूची बरीच जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्याबरोबर वरचं घरही थोडं हलतं. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण हे मला सोनबांनी सांगितलं. काळी मृदा कापसाला उत्तम, एवढंच पुस्तकात असतं. तिच्यावर फ्लॅट घेताना विचार करा, असं कुठल्याही धड्यात नव्हतं.

तडा बुजवायच्या आधी ते छिन्नीनं तो चांगला मोठा करायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आमचे अध्यक्ष दीनानाथ परचुरे हे पहिल्यांदा बघून खाली आले आणि म्हणाले, "आपल्याला दुरुस्तीला बोलावलं होतं. पाडायला नाही."

सोनबांनी छिन्नी पुढे केली. "वरनं नुसतं मलम लावायचं असंल तर तुमीच लावा, साहेब. आत घाण ठिवून तोंड बुजवलं तर पुढच्या साली माघारी येतंय."

परचुऱ्यांना कुणी उलट बोललेलं खपत नसे. पण सोनबांपुढे ते गार पडायचे. नव्या सिमेंटला सात दिवस पाणी मारायचं काम सोनबांनी त्यांनाच लावून दिलं होतं, आणि सकाळी सहा वाजता परचुरे लेंगा वर खोचून, नळी घेऊन गोणपाटं भिजवत उभे असायचे. सोनबा येऊन बोटानं चाचपायचे. "ह्या कोपऱ्याला पाणी पोचलं न्हाई." परचुरे मुकाट्यानं पुन्हा नळ सोडायला जायचे.

सोनबा मूळचे इथलेच. आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्या वडिलांच्या शेतात. त्र्याऐंशी साली भावांनी मिळून जमीन बिल्डरला दिली, आणि अठ्ठावीस वर्षांचे सोनबा त्याच जमिनीवर बिगारी म्हणून लागले. तिथल्याच एका म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली शिकले. जमीन गेल्याचं दुःख वगैरे करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. "तुमचं सैपाकघर आमच्या कांद्याच्या वाफ्यात हाय, बाई," असं मला ते मजेत सांगायचे. "जमीन कुठं जातीया? आडवी व्हती, ती उभी झाली."

सगळ्या सोसायटीत एकच जागा अशी होती की जिथे सोनबांना बोलवावं लागत नसे. मागच्या अंगाला जांभळीखाली, स्कूटर लावायच्या जागेशेजारी, सिमेंटचा कोबा दर पावसाळ्यात खचायचा. मे महिना लागला की सोनबा आपणहून येत, तेवढा तुकडा फोडत, मुरूम टाकत, धुमसानं ठोकत आणि नवा कोबा करून जात. "हे काय होतं हो दरवर्षी?" असं विचारलं की म्हणायचे, "जांभळीची मुळं." आम्हाला पटायचं. कोबा फोडला की मुळं दिसायचीच. मुळांना काही विचारता येत नाही, आणि ती उलट उत्तरही देत नाहीत.

त्या कोपऱ्याचं आणखी एक होतं. सोनबांच्या घरात कुणी बाळंत झालं की सव्वा महिन्यानं त्यांच्या आई, मथुराबाई, त्या ओल्या बाळंतिणीला घेऊन आमच्या पार्किंगमध्ये यायच्या. कोब्यावर हळद-कुंकू वाहायच्या, पाच खडे मांडायच्या, तांब्याभर पाणी ओतायच्या, ओटी ठेवून निघून जायच्या. आम्ही खिडक्यांतून बघायचो. सिमेंटची पूजा करणारं घराणं म्हणून आमच्याकडे त्यांची थट्टाही झाली. बाळंतिणीनं सव्वा महिन्यानं पूजा करायची असते ती विहिरीची, हे आम्हा फ्लॅटवाल्यांपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. मी तर स्वतः दोनदा बाळंत झालेली. पण मला घरच्यांनी नळाची पूजा करायला लावली होती.

आता सांगायला हरकत नाही, कारण सोनबांनी ते स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं. त्या कोब्याखाली विहीर होती.

बिल्डरनं सांगितलं होतं, दोन दिवसांत भरून टाक. मथुराबाई म्हणाल्या, बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या आळीला तिनं पाणी पाजलं, जित्या झऱ्यावर माती टाकशील तर मला तोंड दाखवू नकोस. सोनबांनी दोघांचंही ऐकलं. विहिरीच्या तोंडावर जुन्या रुळांचे तुकडे आडवे टाकले, त्यावर दगडी फरश्या, त्यावर माती. बिल्डरला सांगितलं, भरली. आईला सांगितलं, भरली नाही, नुसती झाकलीय. दोघं खूश झाले आणि सोनबांना वाटलं, आपण फार हुशार आहोत.

पहिल्याच पावसाळ्यात कोबा खचला आणि हुशारी संपली. त्यांनी घाबरून जाड कोबा केला. पुढच्या वर्षी त्याहून जाड, आत सळयांची जाळी. जितका जाड तितका जड, आणि जितका जड तितका खाली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर सोनबांनी त्याला फैलावर घेतलं असतं. इथे मात्र त्यांची सगळी अक्कल भीतीनं खाऊन टाकली होती. चारचाकी तिथे लावू द्यायची नाही, एवढं मात्र त्यांनी कटाक्षानं पाळलं. कुणी गाडी आणली की हातातलं काम टाकून धावत येत आणि म्हणत, "मुळं हायत खाली."

दोन हजार सोळाच्या जुलैत कोबा एकदम वीतभर खचला आणि परचुऱ्यांची स्कूटर आडवी झाली. लगेच सभा. ठराव झाला की महापालिकेकडे अर्ज करून जांभूळ तोडावी. मी तेव्हा सचिव होते. माझ्याच हातानं मी इतिवृत्तात लिहिलं, "श्री. सोनबा यांनी वेळोवेळी निदर्शनास आणून दिल्याप्रमाणे झाडाच्या मुळांमुळे हे नुकसान होत आहे." लिहिताना वाईट वाटलं. आमच्या सगळ्या मुलांच्या जिभा त्या झाडानं जांभळ्या केल्या होत्या. पण सोनबांचा शब्द म्हणजे आमच्याकडे शेवटचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनबा माझ्या दारात.

"बाई, जांभळ तोडू नका."

"अहो, तुम्हीच तर सांगत होता मुळं म्हणून."

"मुळं कोबा वर उचलत्यात. खाली न्हाई वढत. हितं कोबा खाली जातोय."

एवढी साधी गोष्ट, आणि आम्ही इतकी शिकलेली माणसं तीस वर्षं ती डोळ्यांनी बघत होतो. मी विचारलं, "मग खाली आहे काय?"

त्यांनी चहाला हात लावला नव्हता. त्यावर साय धरली होती. "हीर," ते म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं.

खरं सांगते, मला संताप आला. मी त्या कोपऱ्यात अकरा वर्षं माझी लूना लावत होते. माझी मुलं तिथे लगोरी खेळली. मी त्यांना फाडफाड बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "आई गेली तवाच सांगायला पायजे व्हतं. राहून गेलं. आता सांगितलं तर ह्या भागात माझ्या हातनं कोण काम करून घेणार न्हाई. लोक म्हणतील तीस वर्षं फसवलं. आन् खरंच फसवलं की."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर जांभळ जाती. माझ्या खोट्यापायी." ते उठले. "मिटिंग बोलवा, बाई. झाडाकडनं बोलाय कोण न्हाई, मीच बोलतो."

सभा पार्किंगमध्येच भरली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सोनबा अनवाणी उभे राहिले आणि चार वाक्यांत सगळं सांगून मोकळे झाले. जांभळीच्या जवळ बसलेल्या दोघांनी खुर्च्या हळूच मागे सरकवल्या.

परचुऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे एकतीस वर्षं माझी स्कूटर विहिरीच्या काठावर उभी होती."

"व्हय, साहेब."

"आणि तुमच्या सांगण्यावरून आम्ही झाडाला फाशी देणार होतो."

"व्हय."

परचुरे माझ्याकडे वळले. "इतिवृत्तात लिहा. झाड निर्दोष."

कुणीतरी हसलं, पण सगळे हसले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या पद्मजाताई म्हणाल्या की असल्या माणसाला त्या पुन्हा घरात घेणार नाहीत. त्यांच्याकडे लहान नातू होता, त्यांचं चुकलं असं मला तरी म्हणवत नाही. दुसरा ठेकेदार बघा, असाही आवाज आला. सोनबा खाली, आपल्या पायांकडे बघत होते. परचुरे म्हणाले, "दुसरा आणा की. तो काय सांगेल, ते आपल्याला कळणार कसं? याचं खोटं काय होतं, ते निदान आता माहीत झालं." शेवटी ठरलं ते असं, की कोपऱ्याला दोरी बांधायची, इंजिनिअर बोलवायचा, आणि त्याच्या देखरेखीखाली सोनबांनीच कोबा फोडायचा.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात काम निघालं. दर वर्षी जाड होत गेलेला तो कोबा फोडायला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी दगडी फरशी लागली, तशी सोनबांनी हातोडा खाली ठेवला आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. घामानं निथळत होते.

"बाई, आजूबाजूला बोअर किती मारल्यात. पाणी आटलं असलं तर?"

मला कळलं ते. नाव गेलं तर गेलं, त्याची तयारी त्यांनी केली होती. पण विहीर मेलेली निघाली, तर आईला दिलेल्या शब्दासाठी केलेलं सगळं फुकट. एका क्षणात माझा सगळा राग निवला.

साखळी लावून फरशी उचलली. गार, ओलसर वास वर आला. सोनबा दोन पावलं मागे गेले. "तुमी बघा," म्हणाले. इंजिनिअरनं मला फळीवर उभं केलं, आणि परचुऱ्यांनी घरून दाढीचा आरसा आणून त्यातून उन्हाचा कवडसा आत सोडला.

घडीव दगडांचं बांधकाम जसंच्या तसं होतं. दगडांच्या सांध्यांतून जांभळीची मुळं आत उतरली होती, खाली पाण्यापर्यंत. हो, पाणी होतं. काळंभोर, स्वच्छ, कवडसा पडला तसं चमकलं. पण त्याच्या मधोमध तांबड्या मुरमाचा मोठा ढीग होता. त्यात कोब्याचे तुकडे, गंजक्या सळया. सरकलेल्या फरश्यांच्या आणि रुळांच्या फटींतून दर पावसाळ्यात थोडं थोडं खाली गेलेलं.

"पाणी आहे, सोनबा," मी म्हटलं. "भरपूर आहे." आणि मग तेही सांगावंच लागलं. "पण निम्मी विहीर मुरमानं भरलीय."

ते पुढे आले, गुडघ्यांवर बसले आणि आत वाकून बघू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"आईला म्हनलो, भरणार न्हाई," ते म्हणाले. "आन् दर साली माझ्याच हातानं भरत आलो. बिल्डरनं सांगितलेलं दोन दिवसाचं काम म्या एकतीस वर्षं पुरवलं, बाई."

परचुऱ्यांनी आरसा खाली केला, वाकून आत डोकावले आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "पण निम्मीच भरली आहे. काम अपुरं ठेवलंत तुम्ही."

सोनबांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग एकदम हसले, तोंडभर, ओल्या डोळ्यांनी.

"जन्मात एवढं एकच अपुरं ऱ्हायलं, साहेब," ते म्हणाले. "बरं झालं." आणि मुरूम उपसायला घमेल्याला दोर बांधू लागले. परचुऱ्यांनी आरसा माझ्या हातात दिला, बाह्या वर सारल्या आणि दोराचं दुसरं टोक धरलं.