कडुनिंबाचा रस्ता आणि अण्णांची मोटार

आदरणीय शंकररावअण्णांना मी प्रथम पाहिले ते दुष्काळात. बेंबळीजवळच्या त्यांच्या गावी सोसायटीचा सचिव म्हणून रुजू झालो आणि चेअरमन कुठे आहेत म्हणून विचारले, तर लोकांनी रस्त्याकडे बोट केले. दुष्काळी कामावरच्या बायकांनी रस्त्याच्या दोन्ही कडांना कडुनिंब लावले होते. अण्णा त्यांच्या बरोबरीने रोपांना पाणी घालत होते. त्यांत कौसाबाई होत्या. एकट्या, वयाने अण्णांहून वडील. टँकरच्या आपल्या वाटणीच्या पाण्यातले तांब्याभर त्या रोज झाडांसाठी राखीत.

पुढे पाऊसपाणी बरे झाले, सोसायटीचे गोदाम उभे राहिले. अण्णांनी सोलापूरहून एक जुनी मोटार आणली. गावातली ती पहिलीच. बाळंतपणात अडलेल्या बायकांना, साप चावलेल्यांना अण्णा स्वतः मोटार चालवत धाराशिवच्या दवाखान्यात पोचवत. पण रस्ता अरुंद. समोरून बैलगाडी आली की खोळंबा होई. अण्णांनी रुंदीकरणाचा अर्ज केला. तो लिहिला मीच. चार-दोन झाडे जातील, एवढेच आम्ही धरून चाललो होतो. अण्णा लातूरला बैठकीला गेले असताना ठेकेदाराने काम सुरू केले; ते परतले, तेव्हा एका कडेला एकही झाड उभे नव्हते.

कौसाबाई तोडलेल्या बुंध्यावर बसल्या होत्या.

"अण्णा, म्या तोंडचं पाणी ह्यास्नी पाजलं. तुमची गाडी एवढी रुंद हाय का व्हो?"

जमलेले लोक ठेकेदाराला बोल लावू लागले. अण्णांनी त्यांना थांबवले. "अर्जावर सही माझी हाय," एवढेच ते म्हणाले.

मोटार विकून टाका, असे मी सुचवले. अण्णा म्हणाले, "विकली तर माझं मन हलकं व्हईल. पण अडलेल्या बाईनं जायचं कसं? गाडी आजाऱ्यांसाठी ऱ्हाऊ द्या. म्या येष्टीनं जाईन." तेव्हापासून तेर असो की वाशी, सोसायटीच्या प्रत्येक कामाला ते एसटीनेच गेले. उघड्या पडलेल्या कडेला त्यांनी पुन्हा रोपे लावली. कौसाबाई मात्र त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या. अण्णा मोटार घेऊन दारात गेले. त्या मुकाट्याने बसल्या. मी शेजारी होतो. झाडे तोडलेल्या त्या पट्ट्यातून जाताना त्यांनी डोळे मिटून घेतले. दवाखान्यात त्यांचा हात धरून अण्णा म्हणाले, "चुकलं माझं." कौसाबाईंनी हात सोडवून घेतला नाही. दोन दिवसांनी त्या गेल्या.

हे अण्णांच्या या गौरवग्रंथात लिहावे का, असा मला प्रश्न होता. अण्णांनीच बजावले, "हे गाळणार असाल, तर माझ्यावर लिवूच नका."

आज अण्णा साठ वर्षांचे होत आहेत. अलीकडे त्यांना धाप लागते. तपासणीसाठीसुद्धा ते फाट्यावर उन्हात एसटीची वाट पाहत उभे असतात. अण्णा, आपण आम्हांला उदंड आयुष्याने आणि निरोगी शरीराने हवे आहात. ती मोटार आजाऱ्यांसाठी आहे, हा नियम आपणच केला. आता तरी आपण तीत बसावे, एवढीच आम्हां सर्वांची हात जोडून विनंती.