दुसऱ्या मजल्यावरचा जोड

पोलीस खातं सोडल्यानंतर केलेला एक तपास मला अजून जसाच्या तसा आठवतो. आखाती युद्धाचे दिवस होते. निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन मी सौदीत, अल खर्जला, एका खासगी रुग्णालयाच्या कर्मचारी इमारतीचा सुरक्षा अधिकारी झालो होतो. क्षेपणास्त्रांतून विषारी वायू येईल या धास्तीने घरोघरी खिडक्या प्लास्टिक आणि टेप लावून बंद केलेल्या.

इमारतीतल्या गॅसच्या पाइपांची दरवर्षी तपासणी सक्तीची होती. त्या वर्षीचे दाखले माझ्या टेबलावर आले. प्रत्येकाची प्रत त्या त्या घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर आली. सांगलीकडची, बोलायला सरळ.

“साहेब, मंगळवारी माझ्यासमोर पाइप तपासला असं यात लिहिलंय. मंगळवारी मी दिवसभर वॉर्डात होते. ही सही माझी नाही.”

मी तिच्याबरोबर घरी गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीवरची टेप जागची हललेली नव्हती. तिच्या कडेने धूळ धरली होती.

तपासणी करणारा फिटर रायगडच्या किनाऱ्यावरचा, पन्नाशीचा, कामात वाकबगार. त्याला बोलावून चहा दिला. चौकशीत पहिला प्रश्न असा विचारावा, ज्याचं उत्तर समोरचा अभिमानाने देईल.

“भाई, टेस्टची सुरुवात कशाने करता?”

“आधी खिडकी उघडायची, साहेब. त्याबिगर मी पाइपाला हात नाय लावत.”

“सिस्टरच्या खिडकीची टेप आत्ताच पाहून आलो. ती कुणी काढलेलीच नाही.”

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, “दुसऱ्या मजल्यावरच्या बाई रडल्या, साहेब. बोलल्या, टेप काढलीत तर माझी पोरं मरतील. मग पुढचं एक पण दार वाजवलं नाय. खाली बसून सगळे कागद भरले.”

जबाबावर सही घेतली आणि त्यालाच अवजारांसह दुसऱ्या मजल्यावर नेलं. सिस्टर सोबत आली. त्या बाई एका डॉक्टरांच्या पत्नी. दार उघडताच म्हणाल्या, “बाहेरून कसलातरी वास येतोय हो. म्हणून कालच टेपचा आणखी एक थर दिला.”

सिस्टर मुलांना घेऊन खाली गेली. फिटरने टेप काढली, खिडकी उघडली आणि पाइपाच्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं. शेगडीमागच्या जोडावर बुडबुडे उठले. वास घरातल्याच गॅसचा होता. “मेन बंद करा, साहेब!” फिटर ओरडला. मी मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला धावलो.

फिटरने जोड बदलला. पुढच्या दोन दिवसांत त्याने सगळी घरं तपासली. खोट्या सह्यांचं सगळं मी अहवालात लिहिलं, आणि याला कामावर ठेवावं असंही लिहिलं. लेखी ताकीद देऊन व्यवस्थापनाने ते मान्य केलं.

खोट्या कागदामागे लबाडी शोधायची, ही माझी खात्यातली सवय. इथे एका भल्या माणसाला रडणाऱ्या आईसमोर नाही म्हणता आलं नव्हतं, आणि तेवढ्याने दोन मुलांचा जीव जाणार होता. पुढे माझ्या हाताखालच्या कोणाचं काम अपुरं दिसलं, की मी त्याला आधी एवढंच विचारत असे, “कुठल्या दाराशी थांबलास?”