मापाऱ्याची कॉफी

बोरी अरबमध्ये कॉफी दोनच वेळा होते. घरात कोणाला ताप आला तर, नाहीतर नवा जावई पहिल्यांदा आला तर. बाकी सारा गाव चहावर. याला अपवाद एकच, उकंडा मापारी. त्याला ताप नव्हता आणि नवा जावई असण्याचं त्याचं वय उलटून चाळीस वर्षं झाली होती. तरी तो रोज तीनदा कॉफी प्यायचा, दूध नावापुरतं घातलेली, काळीकुट्ट. तरुणपणी तो राजूरच्या खाणीत कोळशाच्या काट्यावर कामाला होता. तिथल्या दक्षिणेकडच्या साहेबानं त्याला ही सवय लावली. "लोकं खाणीतून खोकला आणते, म्या कॉफी आणली," असं तो ऐटीत सांगायचा.

मी त्याचा मित्र. तीस वर्षं या भागात टपाल वाटलं. पत्रं फोडून वाचली नाहीत, पण वाचणाऱ्याचं तोंड बघून आत काय आहे ते ओळखायची सवय लागली. ती सवय निवृत्त झाल्यावरही गेली नाही. म्हणून दिवसभर मी गावाबाहेरच्या कापूस खरेदी केंद्राच्या फाटकाशी, रहमतभाईच्या कॅन्टीनच्या बाकावर बसलेला असे. उकंडाचा काटा तिथून समोर दिसे.

काळ तोच, जेव्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. कापसाचा भाव पडलेला, केंद्र उशिरा उघडायचं आणि गाड्यांची रांग पार नाल्याच्या पुलापर्यंत. बाहेरून आलेल्या लोकांनी त्या वर्षांबद्दल पुष्कळ लिहिलं, आणि रडण्यासारखं होतंच. पण तीन-तीन दिवस रांगेत पडलेला माणूस नुसता रडत बसत नाही. तो शेजारच्या गाडीवाल्याच्या खोड्या काढतो. मी त्यांच्यात बसलेलो होतो म्हणून सांगतो.

आता उकंडाचं काम. गाडीसकट वजन करणारा मोठा काटा आमच्याकडे बसलाच नव्हता. दोन हमाल चाळीस-चाळीस किलोची गाठोडी बांधून काट्यावर टाकत आणि उकंडा मोजे. एक म्हणायचं नाही, पहिल्या गाठोड्याला 'लाभ' म्हणायचं. मग दुसरं गाठोडं येईपर्यंत तोच आकडा तोंडात फिरवत ठेवायचा: "लाभ हो लाभ, लाभ हो लाभ..." मग "दोन हो दोन, दोन हो दोन..." आकडा तोंडातून खाली ठेवायचा नाही. मापारी मध्येच गप्प झाला, की मोजणी मोडली. मग सगळी गाठोडी उतरवून पुन्हा लाभपासून सुरुवात. बावीस हंगामांत उकंडाची मोजणी एकदाही मोडली नव्हती. एकदा त्याला इंगळी चावली, तर "अकरा हो अकरा" म्हणत म्हणत त्यानं ती चपलेनं मारली. लांबच्या तांड्यावरचे लोक जवळचं केंद्र सोडून आमच्याकडे गाडी आणायचे, कारण इथं उकंडाचा आवाज होता.

आवाज आणि डोकं. डोक्यावर एक केस नव्हता. दुपारच्या उन्हात त्याच्याकडे बघताना हमाल डोळे बारीक करत.

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये, हंगाम संपता संपता, उकंडा मोजताना पाय हलवायला लागला. आधी एक पाय, मग दुसरा. गाडी संपली रे संपली, की मागच्या भिंतीकडे पळायचा आणि बराच वेळ यायचा नाही. मी टपालवाला. ओळखलं.

"काहून बे, भिंत बांधून राह्यला काय तिकडं?"

"फकिरा," तो हळूच म्हणाला, "लागते तर लय जोरात, अन् गेलं तर होतच नाई."

त्याला घेऊन मी दारव्ह्याला गेलो. वीस किलोमीटरच्या रस्त्यात एसटी दोनदा थांबवली. दुसऱ्यांदा कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तिकीट काढलं का प्रत्येक बाभळीचं?" डॉक्टरांनी तपासलं, लघवीच्या वाटेवरची प्रोस्टेट ग्रंथी वाढली आहे म्हणाले. रोज झोपताना एक गोळी, गुण यायला पाच-सहा महिने, सोडायची नाही. "आणि कॉफी बंद."

उकंडाचा चेहरा पडला. "गोळीले कॉफी चालत नाई काय साहेब?"

"गोळीचं आणि कॉफीचं काही भांडण नाही हो. भांडण आहे कॉफीचं आणि तुमच्या लघवीच्या पिशवीचं. फारच वाटलं तर सकाळी एक कप घ्या."

परतताना त्यानं मला शपथ घातली. कोणालाच सांगायचं नाही, अगदी बायकोला, कांताबाईलाही नाही. केंद्रावरच्या साहेबाचा भाचा मापारी व्हायला टपलेला होता. उकंडाला काट्यावर बसवत नाही एवढं कळलं असतं, की दुसऱ्या दिवशी भाचा गादीवर. मी शपथ घेतली, आणि एवढी एक शपथ मी पाळलीसुद्धा. पुढे जे झालं ते शपथ पाळण्याच्या नादातच झालं.

गोळ्या त्यानं कॉफीच्या डब्यात लपवल्या. त्या काळ्या भुकटीचा वास कांताबाईला सहन होत नसे, म्हणून त्या डब्याला ती हात लावत नव्हती. गोळ्या मिळायच्या शाहिदच्या मेडिकलमधून. शाहिद म्हणजे रहमतभाईचा पुतण्या. वय सत्तावीस, कपाळ मागं मागं सरकत चाललेलं आणि कशफ नावाच्या मुलीशी सोयरिकीची बोलणी सुरू. पहिलं पाकीट देताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, एक गंमत सांगू? मीबी हीच गोळी खातो. डॉक्टरनं लिहून देल्ली, केसांसाठी. यांची पाच एमजीची, माही एकची. पण तुम्ही कोणाले बोलू नका, पोरीकडच्यांनी ऐकलं तर म्हणतीन लडका बीमार है."

म्हणजे मी एका गोळीच्या दोन शपथा वागवत होतो.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. गोळीनं खाली हळूहळू गुण दिला, आणि वर फारच दिला. सगळ्यांना येतो असं नाही म्हणे, पण उकंडाच्या टकलावर लव उगवली. पावसाळ्यात पडीक जमिनीवर येते तशी, इथं तिथं, पण हिरवी नव्हे, काळी-पांढरी. कांताबाईनं पहिल्यांदा पाहिलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी ओसरीवर बसलेलो असताना.

"हे काय उगवून राह्यलं डोक्यावर?" ती म्हणाली. "कोणतं तेल लावता? अन् कोणासाठी लावता?"

उकंडानं पंचा डोक्यावर ओढला. आयुष्यभर ज्याचा आवाज तुटला नाही तो माणूस गप्प. माझ्यानं राहवलं नाही.

"वैनी, कॉफी," मी म्हणालो. "तीस वर्षं प्यायला. मुरली आत. आता वर येऊन राह्यली."

मी मस्करी केली होती. पण कांताबाईनं ती हापशीवर पाणी भरताना सांगितली. हापशीवरून ती घरोघर गेली. नोव्हेंबरात केंद्र उघडलं तोवर तालुक्यातल्या यच्चयावत टकल्यांना ती माहीत झाली होती. रांगेतले गाडीवाले उकंडाच्या डोक्यावरून हात फिरवून बघत, आणि मग रहमतभाईला म्हणत, "कॉफी सांगा." रहमतभाईनं यवतमाळहून एवढी मोठी बरणी आणली. कोणी पीत होतं, कोणी तीच भुकटी तेलात कालवून चोळत होतं. एका दुपारी मी मोजलं, फाटकाशी तपकिरी डोक्याचे सात जण ऊन खात बसले होते आणि त्यांच्याभोवती माशा.

शाहिद येता-जाता हे बघायचा आणि स्वतःच्या कपाळावरून हात फिरवायचा. बोलायची सोय त्यालाही नव्हती.

सगळ्यात हाल उकंडाचे. जो तो त्याला कॉफी पाजायला लागला. "उकंडाजी, तुम्ही घ्या आधी, मग आम्ही." नाही म्हणावं तर लोक विचारणार, मग केस कशानं आले? डॉक्टरांनी एक कप सांगितलेला, पोटात जात होते सात-आठ. आठ महिने गोळीनं जे कमावलं ते रहमतभाईची कॅन्टीन दुपारपर्यंत घालवून टाकायची.

"तुह्या तोंडाले कुलूप लावाले पायजे होतं," उकंडा मला म्हणाला. "मस्करीच करायची होती, तर पाणी सांगायचं. दूध सांगायचं. कॉफी काहून सांगतली?"

सुचली म्हणून सांगितली.

डिसेंबरात एका संध्याकाळी डोंगरसिंगची गाडी काट्यावर लागली. डोंगरसिंग तांड्यावरचा, साठी ओलांडलेला, मिशा भरघोस आणि पागोट्याखाली काहीच नाही. तीन दिवस रांगेत काढलेले. सूर्य बुडायला आला होता आणि सूर्य बुडाला की केंद्र बंद. शेवटची गाडी हीच. त्या दिवशी साहेबही खुर्ची टाकून बसला होता, आणि खुर्चीमागं भाचा उभा.

डोंगरसिंगनं मोजणीआधी एक पितळी तांब्या पुढं केला. आपल्या म्हशीच्या दुधात, गूळ घालून, तीन विटांवर स्वतः उकळलेली कॉफी. तांब्याभर.

"हे घ्या बापू. तुम्ही प्याले की मी पेतो."

उकंडानं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं. तो प्यायला.

"लाभ हो लाभ..."

दहापर्यंत ठीक होतं. चौदाला एक पाय हलायला लागला. सोळाला दोन्ही. अठरापासून मोजणीचा वेग वाढला, हमाल ओरडले, "उकंडाजी, गाठोडं तर येऊ द्या!" एकोणीस, वीस, एकवीस. बाविसाला आवाज टिपेला गेला. एकूण गाठोडी सत्तावीस होती. तेविसावं काट्यावर पडलं, उकंडा उठला, धोतराचा सोगा धरला आणि पळाला.

सगळं आवार भिंतीकडं वळलं. मोडली, बावीस वर्षांनी मोडली. साहेबानं भाच्याकडं मान वळवली.

आणि मागच्या भिंतीपलीकडून आवाज आला.

"तेवीस हो तेवीस! तेवीस हो तेवीस!"

हमाल जिथल्या तिथं थांबले. आवाज येतच राहिला. आधी घाईत, मग दमानं. मग मधेच अडखळे, "ते... वीस हो..." आणि पुन्हा जोर करून सुरू. मग बारीक. संपला असं वाटे, आणि पुन्हा, "तेवीस... हो... तेवीस." एवढा वेळ तेवीस मी कधी ऐकला नाही. पहिल्यांदा पोरंसोरं हसली. पण रांगेतले म्हातारे हसेनात. ते एकमेकांकडं बघत होते, आणि मग कोणीच कोणाकडं बघेना. हा लांबलेला, तुटक, थेंबाथेंबानं येणारा आवाज त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या ओळखीचा होता.

उकंडा "तेवीस हो तेवीस" म्हणतच परत आला आणि काट्यासमोर उभा राहिला.

साहेब म्हणाला, "मापारी जागेवरून उठला. मोजणी मोडली. उद्या पुन्हा, आणि उद्यापासून हा मुलगा बसेल."

"आवाज तुटला काय?" डोंगरसिंग ओरडला. तीन दिवसांनंतर चौथा दिवस म्हटल्यावर त्याच्या मिशा उभ्या झाल्या होत्या. "कापूस माहा, गाडी माही. मी म्हणतो नाई तुटला. तुम्ही ऐकलं काय कोणी तुटलेला?"

"नाई!" रांगेतून आवाज आला. जास्त करून म्हाताऱ्यांचा.

"पण बापू," डोंगरसिंग उकंडाकडं वळला, "झालं काय?"

उकंडाच्या तोंडात तेवीस होता, त्यामुळं त्याला बोलता येईना. त्यानं मला खूण केली. तेव्हा मी पुढं झालो आणि आकडा माझ्या तोंडात घेतला, "तेवीस हो तेवीस..." आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड एका कामाला लागलं. उकंडा मोकळा झाला.

"मले लघवीचा आजार हाये," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "गोळी चालू हाये. डोक्यावरचे केस त्या गोळीनं आले. कॉफीनं नाई."

डोंगरसिंगनं पागोटं काढून डोकं खाजवलं. बोटं तपकिरी झाली. "मंग कॉफीनं काय होते?"

"कॉफीनं हे होते," उकंडानं भिंतीकडं बोट दाखवलं.

मी हसण्याच्या भरात तेवीस घालवणार होतो, हमालानं पाठीत गुद्दा घातला म्हणून राहिला. उरलेली चार गाठोडी उकंडानं मोजली आणि सत्ताविसाव्याला सूर्य गेला. साहेबानं वजनाच्या चिठ्ठीवर सही केली. रांग उद्याही तिथंच असणार होती, आणि त्या रांगेसमोर भाच्याला काट्यावर बसवायची त्याची छाती झाली नाही. तेव्हापासून नियमच पडला. उकंडा उठला की गाडीचा मालक आकडा सांभाळेल. कित्येक मालकांनी तेवढ्यासाठी आकडे पाठ केले.

रात्री दिवेलागणीनंतर शाहिदच्या मेडिकलसमोर एकेक म्हातारा येऊन उभा राहिला. जो तो शेजाऱ्यासाठी विचारायला आला होता. शाहिद सांगून थकला की आधी दारव्ह्याच्या डॉक्टरांकडे जा, चिठ्ठीशिवाय गोळी नाही. मग टकले तरुणही आले, आणि शाहिदचंही बिंग फुटलं. कशफनं निरोप धाडला म्हणे, की केस असले काय नसले काय, पण खोटं बोलणारा चालणार नाही. लग्न झालं. केस निम्मेच आले.

रहमतभाईची बरणी मात्र अर्धी उरली. तो मला अजून माफ करत नाही.

राहिली कांताबाई. ती आठ दिवस उकंडाशी बोलली नाही. त्याच्या आजारापेक्षा तिला राग याचा, की हापशीवर तिनं ज्या बायांना कॉफीचं सांगितलं त्यांच्यासमोर तिची फजिती झाली. नवव्या दिवशी तिनं नाकाला पदर लावून कॉफीचा डबा उघडला, गोळ्या काढून आपल्या ताब्यात घेतल्या आणि डबा फळीवर, तिच्या हाताच्या उंचीवर ठेवला. रात्री गोळी तिच्या हातून, सकाळी कॉफी तिच्या हातून. मी सकाळी तिकडं जाऊन बसे तेव्हा ऐकायचो. ती कप त्याच्यासमोर ठेवायची आणि म्हणायची, "लाभ."

उकंडा कप रिकामा करून थोडा वेळ वाट पाहायचा.

दोन तिनं कधी म्हटलं नाही.