कानशीच्या दातांतलं लोखंड

माझ्या प्रकल्पाच्या आलेखात एक दरी, म्हणजे रेषा खाली उतरते ती जागा, हवी त्यापेक्षा खोल आली होती. तिथपासून मला भीती वाटायला लागली.

मी नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते. सायखेड्याहून बसने नाशिकच्या द्वारका चौकात उतरायचं आणि पुढे रिक्षा. लोखंडात थोडं ॲल्युमिनियम मिसळलं तर आतल्या चुंबकीय क्षेत्राचं काय होतं, हा माझा विषय. लोखंडाच्या प्रत्येक अणूच्या गाभ्यापाशी स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं. अणूला अगदी जवळचे आठ शेजारी असतात. आठही लोखंडाचे असले तर क्षेत्र पूर्ण. त्यातला एक ॲल्युमिनियमचा निघाला, की त्या जागी ते थोडं उतरतं. दोन निघाले तर आणखी. गॅमा किरणांनी तपासलं, की शुद्ध लोखंडाच्या आलेखात सहा दऱ्या दिसतात. मिश्रणात कडेच्या दऱ्यांना आतल्या बाजूने लहान दऱ्या चिकटतात. कोणती किती खोल असावी, हे गणिताने आधी काढता येतं. माझी शुद्ध लोखंडाची दरी, म्हणजे आठही शेजारी लोखंडाचे असलेल्या अणूंची, त्या गणितापेक्षा खोल होती.

तपासणी बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत होते आणि नंबर लागायला महिने जातात, म्हणून पुन्हा नमुना पाठवणं शक्य नव्हतं. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, वितळवताना ॲल्युमिनियम सगळीकडे सारखं पसरलं नसेल. मी तसा निष्कर्ष लिहिला आणि अहवाल देऊन टाकला.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढे गेलेलं नाही. माझ्या शिक्षणासाठी नानांनी, म्हणजे वडिलांनी, चुलत्यांची बोलणी खाल्ली होती. शेवटी ठरलं ते असं, की एक जरी वर्ष वाया गेलं तर शिक्षण बंद. प्रकल्पात नापास झाले असते तर वर्ष गेलंच असतं.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी नाना द्राक्षबागेच्या कडेला बसून कात्र्यांना कानशीने धार लावत होते. द्राक्षांची उन्हाळ्यातली खरड छाटणी सुरू व्हायची होती. मी शेजारी बसून उत्तरं पाठ करत होते. त्यांनी कानस दगडावर आपटली आणि तिच्या दातांतून करडा भुगा पडला.

मी बघतच राहिले. हिवाळ्यात मिश्रणाचा गोळा घासून भुकटी करायची होती, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतली कानस सापडत नव्हती. मी घरून हीच नेली होती. तेव्हा नाना म्हणाले होते, "कालिजात साधी कानस नाय? मंग शिकवत्यात काय, डोंबल?"

"नाना, मी नेली तेव्हा ही साफ होती का?"

"साफ म्हंजे? लोखंडाला तर लावायची हाय. तिला काय आंघोळ घालू?"

मी ती कापडाने पुसली होती. कापड दातांच्या आत जात नाही. माझ्या चिमूटभर भुकटीत कात्र्यांचं लोखंड मिसळलं होतं. मी मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

मॅडमनी आधी एकच विचारलं.

"तारेचा ब्रश नाही मारलास?"

"नाही, मॅडम."

"अहवाल तर गेला. आता उद्या तूच सांग. त्यांनी विचारायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मी उभी राहिले. नमस्कार करून मी कानशीचं सांगितलं.

"म्हणजे निष्कर्ष चुकला तुमचा," ते म्हणाले.

"हो, सर."

"आणि आता कानशीवर ढकलताय. वितळवणंच बिघडलं नव्हतं, हे कशावरून?"

पाठ केलेलं सगळं पुसून गेलं. मॅडम खाली बघत होत्या. वर्ष गेलं, असंच मला वाटलं.

"घाबरू नका, विचार करा. कानशीचं लोखंड आलेखात कुठे भर घालेल?"

"शुद्ध लोखंडाच्या दरीत."

"आणि कुठे घालणार नाही?"

मी फळ्याकडे गेले, कारण त्यांच्याकडे बघून सुचत नव्हतं. खडू दोनदा तुटला. एक ॲल्युमिनियम शेजारी असलेल्या अणूंची दरी आणि दोन शेजारी असलेल्यांची दरी. बाहेरचं लोखंड या दोन्हींत जात नाही. मग या दोघांचं एकमेकांशी प्रमाण कानशीने बिघडणार नाही. मिश्रणच नीट पसरलं नसेल तर मात्र ते बिघडेल. मी अहवाल उघडून दोन आकडे घेतले आणि भागाकार केला. बाजूला गणितातून येणारं प्रमाण मांडलं. दोन्ही जवळजवळ सारखी आली, म्हणजे मिश्रण नीट पसरलं होतं. माझा विश्वास बसेना, म्हणून पुसून परत केलं.

"हे अहवालात का नाही?"

"मला आत्ता कळलं, सर."

ते काहीतरी लिहीत राहिले. वर न बघता म्हणाले, "निष्कर्षाचं पान बदलून द्या. पुढच्याला पाठवा."

मी बाहेर आले. पान बदला म्हणजे काम चुकलं, एवढंच मी ऐकलं होतं. मॅडम मागून आल्या.

"अगं, नापास करायचं असतं तर पान कशाला बदलायला लावलं असतं?"

मी मान हलवली, पण मला ते पटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा कुठे पटलं, आणि मी भिंतीला टेकून खाली बसले.