पाण्याच्या वेळेला पेपर

सुमे, लग्नानंतर मी गाव सोडलं तेव्हा एसटीच्या खिडकीखाली उभी राहून तू भोकाड पसरलं होतंस. आईने डिक्कीत भांड्यांच्या आधी माझी पुस्तकं चढवली. "शिकायचं सोडू नको गो बाय," एवढंच म्हणाली.

इथे मुंबईजवळ, दिव्याच्या चाळीत आले आणि कॉलेजच मोबाइलमध्ये आलं. तांदळाच्या डब्याला टेकवलेला फोन हा माझा वर्ग. सरसुद्धा रेकॉर्ड केलेले. भाकरी करपायला लागली की त्यांना पॉज करायचं, तवा उतरवला की पुन्हा बोलू द्यायचं. गावात एक दिवस शाळा बुडली तर बाई निरोप पाठवायच्या. इथे इतक्या वर्षांत एकाही मास्तरने मला नावाने हाक मारली नाही. पोर्टलवर माझा एक नंबर आहे, झालं. तरी मी शिकले, हट्टाने शिकले.

बी.ए.चा शेवटचा पेपर राहिला होता. नोंदणीची मुदत त्याच परीक्षेपर्यंत. तो गेला की पुन्हा पहिल्या वर्षापासून. पेपर घरूनच द्यायचा, कॅमेरा चालू ठेवून. खोलीत दुसरं माणूस दिसलं की पेपर बंद.

मी आदल्या दिवशी अख्ख्या मजल्याला सांगून ठेवलं, आवाज करू नका. आणि काय सांगू, लोकांनी पाळलं! टीव्ही बंद, मिक्सर बंद, पोरं खाली पिटाळलेली. आमच्याकडे पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून दिवसा दाराला कडी कोणीच लावत नाही. ज्याला पाणी आधी दिसेल तो शेजारच्याचंही पिंप भरतो. मीही सवयीने दार नुसतं लोटलं होतं. इतकं सगळं सांगितलं आणि आत येऊ नका, हेच सांगायचं राहिलं.

अर्धा पेपर झाला आणि पाणी आलं. समोरच्या साताऱ्याच्या मावशी पाइप घेऊन आत आल्या. चपला बाहेर काढून, चवड्यांवर चालत, माझ्या मागून. पाइप पिंपात सोडला आणि अगदी हळू म्हणाल्या, "लिही तू, मी हाय."

स्क्रीन लाल झाली. पेपर बंद.

त्यानंतर किती मेल पाठवले! दर वेळी तेच उत्तर येतं, आपली तक्रार नोंदवली आहे. फोन केला तर मशीन बोलतं. मशीनला पिंप काय समजावू आणि मावशी काय समजावू? सुमे, मी पार खचलेय. स्वयंपाक करताना तांदळाच्या डब्याकडे बघवत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मावशींनाही मी काही बोलले नव्हते. पण ह्यांनी रागाच्या भरात बोलून टाकलं. त्या बिचाऱ्या रडल्या, माझे हात धरले. मी म्हटलं, जाऊ दे मावशी. पण ते काही गेलं नाही.

परवा तू फोनवर विचारलंस, ताई, आता तिकडचं घर आपलं वाटतं का गं? मी विषय बदलला. वाटायला लागलं होतं, खरंच वाटायला लागलं होतं. काल पाणी आलं. दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी पाइप घेऊन बाहेरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आत येऊ का गं?"

मी "या" म्हणेपर्यंत त्यांनी उंबरा ओलांडला नाही.