चुलीत गेलेला अंक

स्वातंत्र्याच्या थोड्या आधीच्या निवडणुकीची ही गोष्ट. देवळालीजवळच्या आमच्या गावची पाटाखालची जमीन साखर कारखान्यानं खंडानं घेतली होती. मुदत संपत आली होती. जमीन परत मिळणार की नाही, एवढीच गावाला काळजी.

उमेदवार आमच्या पारावर आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "निवडून आलो की पहिलं काम तुमच्या जमिनीचं." सोबत नगरच्या साप्ताहिकाचा बातमीदार होता. तो आमच्याकडेच जेवला, पुन्हा पुन्हा तूप मागून घेतलं. माझे सासरे, म्हणजे गावाचे आबा, खूश. गावात वर्तमानपत्र येई ते त्यांच्याच नावे, आणि पारावर ते मोठ्यानं वाचायचा मानही त्यांचाच. छापलेलं ते खरं, आणि आबांनी वाचलं ते छापलेलं, अशी गावाची समजूत.

अंक आला. त्यात उमेदवाराचं नगरातलं चहापान होतं, हारतुऱ्यांसकट. आमच्या सभेची ओळसुद्धा नव्हती. पुढच्या अंकातही नाही. लोक रोज विचारायचे, "आबा, आपलं आलं का?" शेवटी एका खेपेला मामंजींनी अंक डोळ्यांसमोर धरला आणि ते अख्खं भाषण वाचून दाखवलं. पार आमच्या दारासमोरच होता, मी आत तांदूळ निवडत ऐकत होते. फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत, शिकलेली गावातली बाई मी एकटीच, म्हणून अंक घरात आल्यावर चाळला. भाषण कुठंच नव्हतं. मी तो फळीवर डब्यांखाली अंथरला आणि गप्प बसले.

मतदानाच्या तोंडावर मात्र ठळक छापून आलं. उमेदवार कारखान्यात जेवायला गेले होते, आणि जमिनी कारखान्याकडंच राहाव्यात असं म्हणाले होते. हे मामंजींनी जसंच्या तसं वाचलं. आवाज पार बसला होता. कुणी मनावर घेतलं नाही.

"ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, आबा. आपलं तर आधीच छापून आलंय न्हवं?"

मामंजींनी अंकाची घडी घातली. ज्यांना तेव्हा मताचा हक्क होता त्यांनी त्यालाच दिलं आणि तो निवडून आला.

जमीन परत आली नाही. मग गावातली चार मंडळी आमच्या दारात आली.

"आबा, त्यो भाषनाचा अंक द्या. त्याच्या म्होरं टाकतो, मंग कसा न्हाई म्हनतो बगू."

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. फळी माझ्या डोक्यावरच होती.

मी म्हटलं, "चूल पेटवायला घेतला."

"बायांना कागदाची किंमत न्हाई," एकजण म्हणाला. मामंजी खाली मान घालून पानाची चंची सोडत बसले.

मला राग आला नाही, रडूही आलं नाही. मी भाकरी थापायला गेले. मामंजींनी पुन्हा कधी पारावर वाचलं नाही, आणि माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

जमीन कशी गेली म्हणून विचारलं, तर गाव आजही उमेदवाराचं नाव घेत नाही. आबांच्या सुनेनं चुलीत घातली, म्हणतं.