रेडिएटरात गेलेली हळद

शिदू म्हंजे आमच्या घाटातला पाणक्या. खोपोलीकडनं चढणाऱ्या लॉऱ्या आमच्या वळणावर येस्तोवर वाफा सोडायच्या, आन तितंच माझी चहाची टपरी. मी माणसांना चहा पाजायची, शिदू गाड्यांना पाणी. त्याच्याएवढा हट्टी माणूस मी जन्मात न्हाई बघितला.

ओढा टपरीच्या मागंच हुता, तरी ह्यो बाबा डोंगर चढून झऱ्याचं पाणी आणायचा. म्हणायचा, "ओढ्यात गाळ असतो, रतनबाई. रेडिएटरात गवताच्या काडीएवढ्या नळ्या. बुजल्या की इंजिन तापून बंद, न इंजिन बंद की ब्रेकबी धरत न्हाई!" रबरी पाईप फाटला तर सायकलची ट्यूब गुंडाळून तारेनं आवळायचा. रेडिएटर गळाया लागला तर पाण्यात मूठभर हळद. ती फुगून भोकात बसायची. कुणी ड्रायव्हर म्हणाला "अजून टाक," की शिदू त्याची आई-माई काढायचा. जास्त हळद म्हंजे गाळच, नळ्या बुजणारच.

त्रेसष्टच्या वैशाखात त्याच्या पोरीचं, भागूचं लगीन निघालं. वाडी खंडाळ्याच्या मागं, वऱ्हाड खालनं लॉरीत येणार. शिदू नवं मुंडासं बांधून सामोरा आला, माझ्या टपरीपाशी उभा राहिला. माझा उजवा डोळा सकाळपासनं लवत हुता. बाईमाणसाचा उजवा डोळा लवणं चांगलं न्हाई.

लॉरी आली ती पाणी गाळतच. खालचा पाईप फाटलेला, रेडिएटरबी गळका. शिदूनं मुंडासं काढून ठेवलं न पाईप आवळला. आता हळद पायजे. माझ्याकडं चहा-साखर, हळद कुटली? व्हती ती एकाच डब्यात, नवरदेवाच्या आईच्या, धोंडाबाईच्या मांडीवर. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद, नवरीच्या अंगाला लावाया निघालेली.

"ती नवरीची हाय!" धोंडाबाईनं डबा पोटाशी धरला.

"नवरी माझीच हाय, विहीणबाई. मूठभर द्या. पोरं-बाळं बसलीत गाडीत."

"मूठ काढली की हळद मोडली. मोडकी हळद लावून माझ्या पोराचं वाईट करू? घ्यायची तर समदी घ्या, नवरीला दुसरी लावा."

"समदी न्हाई चालत. नळ्या बुजतील."

"मूठ गेली की उरलेली टाकून द्यायची? ल्येकाची हळद रस्त्यावर फेकू मी? तुमी पोरीचे बाप. शिकवू नका मला."

ड्रायव्हरांना शिव्या देणारा शिदू, पण विहिणीपुढं त्यानं दोन्ही हात पुढं करून डबा घेतला. पोरीचा बाप! आग लागो असल्या रीतीला. मांडवात तोंड फिरवून विहीण माघारी गेली तर भागूचं काय, ह्योच एक घोर त्याला. त्यानं डबा रेडिएटरात उपडा केला.

गळती थांबली. वऱ्हाडानं टाळ्या पिटल्या.

"अरं, चालत जावा की," मी वरडले. "खंडाळा काय लांब हाय?"

"वऱ्हाड कुटं पायी जातं व्हय, मावशी?" नवरदेव केबिनीतनं हसला. गोरागोमटा, लाजरा पोरगा. शिदूला म्हणाला, "आबा, तुमी बसा की." शिदू म्हणाला, "मी येतो पाठनं, इंजिन ऐकत."

आमी ऐकत उभे राहिलो. लॉरी दोन वळणं चढली. मग इंजिनाचा आवाज बंद झाला. शिदूच्या तोंडचं पाणी पळालं. "ब्रेक," एवढंच बोलला न धावत सुटला. मग वरनं माणसांचा आरडाओरडा आला, मग दगडं गडगडत गेल्याचा.

मागची माणसं उड्या टाकून वाचली. धोंडाबाईबी वाचली. केबिनीतले दोघं लॉरीसंगं दरीत गेले.

शिदू रडला न्हाई. म्हणाला, "वाडीवर मलाच सांगाया पायजे." मी टपरी तशीच टाकून त्याच्यासंगं निघाले. वऱ्हाडातली चार माणसं पाठीमागं, धुळीनं माखलेली.

वाडीतल्या वाजंत्र्यांनी आमाला टेकडीवरनं बघितलं. त्यांना वाटलं, वऱ्हाड आलं. सनई-ढोल सुरू झाला, बायका मांडवातनं बाहेर आल्या. शिदूनं "थांबा, थांबा" म्हणून दोन्ही हात वर केले.

तो खुशीनं हात हलवतोय असं वाटून त्यांनी अजून जोरात वाजवलं.